सशाचं मूस

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. 'पोचले' एवढाच मेसेज मिळाला. तिकडे आयर्लंडात वॉटरफोर्डला बोचरा वारा असेल, रात्रपाळीला कान बांधून जात जा. असो, उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते.

तुझ्या उशीखाली तिकडच्याच लेखिकेचं, मॉली कीनचं 'गुड बिहेविअर' हे कादंबरीचं पुस्तक सापडलं. डिक्शनरी घेऊन वाचलं, चार रात्री लागल्या. सुरुवातीलाच मुलगी, आरून, आजारी आईपुढे सशाच्या मांसाचं मूस (फेटून केलेला पदार्थ) ठेवते. आईला ससा मुळीच चालत नाही. वासानेच ढवळतं आणि बाई जाते! मला तुझी त्या रात्रीची दुधीची भाजी आठवली. साखरेला चांगली म्हणून तू ताट पुढे सरकवलंस आणि मी पानावरून उठले. मूस मऊ असतं म्हणे. दुधीसारखंच.

आधी खूप हसले. मग कमी कमी होत गेलं. एवढा मोठा वाडा, घोड्यांचा थाट, बिलं मात्र थकलेली. तरणा मुलगा मोटार अपघातात जातो, तरी कुणी हुंदका काढत नाही. रीत सांभाळतात! आरून बिचारी थोराड अंगाची, मायेला आसुसलेली, आणि आई तिला नुसत्या नजरेने खुजी करते. विमानतळावर मी 'हा कुर्ता नको, दंड दिसतात' म्हटलं, ते त्या अर्थाने नव्हतं गं.

कीनबाईंबद्दलही शोधून वाचलं. माहेरचं घर १९२१ साली बंडखोरांनी जाळलं. शिकारीच्या वर्तुळात लिहिणारी मुलगी नको असायची, म्हणून दारूच्या गुत्त्याच्या पाटीवरचं 'एम. जे. फॅरेल' हे नाव उचललं. हे पुस्तक १९८१ चं, स्वतःच्या नावाने, पंच्याहत्तरी उलटल्यावर! बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं, पुरस्कार मिळाला मात्र आपल्या मुंबईत जन्मलेल्या रश्दींना. नवरा १९४६ साली गेला, पदरात दोन मुली. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले.

नाना गेले तेव्हा तू दहावीत. आल्यागेल्याला चहा देत होतीस. डोळे भरलेले दिसले तशी मी तुला मोरीत नेलं आणि म्हटलं, लोकांसमोर नाही. तू तोंड धुतलंस आणि ट्रे उचललास. काकी म्हणाल्या, केवढी समजूतदार पोर! मला अभिमान वाटला. अजूनही वाटतो, खोटं कशाला सांगू. पण त्या वाड्यात तू अगदी शोभली असतीस, आणि हे माझ्या जिवाला लागलंय.

मी तशी आई नाही ना? हे विचारायचंच नव्हतं.

ताईला यातलं काही बोलू नकोस. काल दुधी आणला, केला, वाटीभर खाल्ला. अजून आहे.

तुझी,
आई

ता. क. पुस्तक विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, तेवढं कळव. फोनवर नको, लिहूनच.