हिवाळी सराव आणि घरचा वेळ : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, हिवाळ्यातील सरावाचा आराखडा प्रत्येकाने आधी घरच्यांशी बोलून ठरवावा आणि मगच प्रशिक्षकांकडे द्यावा. १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशा ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी करताना तिन्ही प्रकार एकाच दिवसात कोंबण्याचा मोह होतो, आणि त्यासाठीचा वेळ बहुधा झोपेतून किंवा मुलांच्या वाट्यातून काढला जातो. हे आम्हाला मनापासून खटकते. स्पर्धा काही महिने दूर असताना हा काळ पाया पक्का करण्याचा असतो, त्यामुळे बहुतेक सराव सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने करावा आणि आठवड्यातील एक दिवस पूर्ण विश्रांतीसाठी राखून ठेवावा. अंधार लवकर पडत असल्याने कामाच्या दिवशी घरातच ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालविता येईल अशा स्टँडवर) ४५ मिनिटे सायकल चालविणे पुरेसे आहे.

थंडीत तहान कमी जाणवते, पण घाम येतच असतो, म्हणून पाणी आठवणीने प्यावे. प्रौढांना किमान ७ तास झोप आवश्यक असते. मूल आजारी असल्याने रात्री जागरण झाले असेल, तर पहाटेचा सराव निःसंकोच रद्द करावा, त्याबद्दल कोणीही स्पष्टीकरण मागणार नाही. चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. ताप असताना व्यायाम करूच नये.

आराखड्यातील बदल प्रशिक्षकांना रविवारपूर्वी कळवावेत.