टाकीतला उन्हाळा: केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी लश्कर, ग्वाल्हेर इथला. नोकरीभर मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या एका डिस्टिलरीत केमिस्ट होतो. मळीला आमच्याकडे शीरा म्हणतात. त्या शिऱ्याच्या वासातच उमेदीची वर्षं गेली.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, मिसळण्याचं उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणलंत. 2018 पासून डिस्टिलऱ्यांच्या कर्जावर व्याजसवलत मिळाली, टाक्या उभ्या राहिल्या. टाकीत जो जीव काम करतो त्याच्याबद्दल लिहितो आहे.

आपलं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसीस, 30 ते 34 अंशांत नीट काम करतं. साखरेचं अल्कोहोल होताना उष्णताही सुटते, म्हणून फर्मेंटर, म्हणजे मळी आंबवायची टाकी, सतत गार करावा लागतो. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, कोरडी असल्याने कूलिंग टॉवर पाणी गार करतो, पण ते करताना भरमसाट पाणी हवेत उडवतो, आणि नेमके तेव्हाच बोअर आटलेले असतात. जुलैत उलटं: पाणी आहे, पण हवा इतकी दमट की ते गारच होत नाही. रात्रपाळीला फर्मेंटर 38 अंशांवर गेलेला मी पाहिलाय. यीस्ट मलूल पडतं, जिवाणू शिरतात, वॉश, म्हणजे टाकीतलं आंबवलेलं द्रावण, आंबट होतो, उरलेली साखर सांडपाण्यात जाते. शेतकऱ्याच्या कष्टाची साखर अशी वाहून जाताना बघायची मला कधीच सवय झाली नाही.

क्लुइव्हेरोमायसीस मार्क्सियानस हे यीस्ट 45 अंशांतही वाढतं. पण अल्कोहोल त्याला सॅकरोमायसीसइतकं सोसत नाही. वॉशमध्ये अल्कोहोल कमी, म्हणजे स्पेंट वॉश, अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, जास्त. तो आधीच इथेनॉलच्या लिटरमागे 8 ते 15 लिटर निघतो. उष्णता, अल्कोहोल आणि मळीतले क्षार, तिन्ही एकदम सोसणारं वाण हवं, आणि ते प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये पारखून कळत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आणि आमचं जीवाजी विद्यापीठ यांना मिळून हे काम आणि त्यासाठी पैसा द्या. गुऱ्हाळं, मळीचे हौद, उन्हात सडलेली फळं इथून त्यांनी यीस्ट गोळा करावीत. निवडलेली वाणं उत्तरेतल्या एखाद्या चालत्या डिस्टिलरीत मार्च ते ऑगस्ट चालवून पाहावीत. आकडे जाहीर व्हावेत, फसलेल्या बॅचचेसुद्धा.

रात्रपाळीची नोंदवही ठेवायला मी येईन. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट
लश्कर, ग्वाल्हेर