मॅडम, आईचं बोलणं तिकडं पोचलं

मॅडम, शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, आभार म्हटलं की लगेच "जेवला का रे" विचारता आणि विषय संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकतोय. गावातले वाचतील, राळेगावचे वाचतील, यवतमाळात जी पोरं मोबाईलवर शॉर्टफिल्म बनवतात ती वाचतील, आता थांबवा.

मी परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की अवॉर्ड कसा काय भेटला, फ्रान्सला कसा गेला, तिकीट कोणी काढलं. मी सांगतो की फिल्म 14 मिनिटांची आहे, आपल्याच वावरात दोन हंगामाच्या कापूस वेचणीत शूट केली, फॉर्म भरला, निवड झाली, नव्या डायरेक्टरला बाहेरच्या फेस्टिवलला पाठवायचाच तो अवॉर्ड आहे, येणं-जाणं-राहणं सगळं त्यांचं. हे सगळं खरंच आहे, आणि ज्यांनी पाठवलं त्यांचे उपकार आहेतच. पण फिल्मचं इंग्रजी करून देणाऱ्या माझ्या शाळेच्या मॅडम, म्हणजे तुम्ही, यात कुठंच येत नाही, आणि तेच मला रोज टोचतंय.

त्याच्या आदल्या वर्षी हीच फिल्म मी दुसऱ्या एका ठिकाणी पाठवली होती, सॉफ्टवेअरनं काढलेले इंग्रजी सबटायटल लावून. नापास. का ते कोणी सांगितलं नाही. मग पेनड्राइव्ह घेऊन तुमच्या घरी आलो, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तरी टीव्हीला लावायला सांगितलं आणि दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, "अरे, तुझी आई त्या पोरीला आई का म्हणतेय?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोंडाचं वाळलेलं टोक बोटात घुसतं, पोरगी हात झटकते, आणि आई म्हणते, "जाऊ दे वं माय, बोट फुटलं त फुटलं, ओटी त भरली." आपल्याकडं पोरीलाही लाडानं माय म्हणतात, पण सॉफ्टवेअरनं 'माय'चं सरळ 'आई' करून टाकलं होतं. म्हणजे पन्नाशीची बाई सतरा वर्षांच्या पोरीला आई म्हणते, आणि बाहेरचा माणूस बसून विचार करतो की यांचं नातं तरी काय. तुम्ही तो शब्द काढूनच टाकला, बाकीचं वाक्य असं केलं की घरातल्या लहान लेकराशी बोलावं तसं वाटेल. एका वाक्याला अख्खी संध्याकाळ गेली. मला तेव्हा आतून घाई होती, फॉर्मची तारीख जवळ आली होती, आज त्या संध्याकाळीचंच जास्त मोल वाटतं.

नंतर पंधरा-सोळा दिवस मी रोज येत होतो. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि सीन पुढं जायच्या आत वाचून झालं पाहिजे, एवढा नियम मी सांगितला आणि तुम्ही हातातलं घड्याळ काढून टेबलावरच ठेवलं. मोठ्यानं वाचायच्या, सेकंद मोजायच्या, बसत नसलं की लाल पेननं काट. शेजारच्या काकू म्हणतात ना, "माह्या बुढ्यानं कालपासून तोंड फुगवून ठेवलं, म्या म्हटलं ठेव, सरकी भरून देतो त्याच्यात," तिथं मी सरकीच पाहिजे म्हणून अडून बसलो होतो. तुम्ही म्हणाल्या, सरकी म्हणजे काय हे त्यांना कळेपर्यंत काकू निघून जातील, हातात कापूस दिसतोय ना, कापूसच लिही. आणि बाया वेचता वेचता नुसत्या गुणगुणतात तिथं काहीच लिहू नको म्हणाल्या, ऐकू दे त्यांना.

व्हिसाच्या वेळी तर मी हातपायच गाळले होते. 30 हजार युरोचा इन्शुरन्स, बँकेचे कागद हे जमलं, पण माणूस परत येईल याचा पुरावा काय द्यायचा, पगार नाही, नोकरी नाही. तुम्हीच म्हणाल्या की वावर आहे ना, सातबारा लाव. आणि मग बाबांच्या नावचा तो सातबारा तुम्ही बसून इंग्रजीत उतरवला, जिरायत, पोटखराब, सगळ्या रकान्यांसकट. तो घेऊन मी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेलो.

आता तिथलं सांगतो, फोनवर नीट सांगता आलं नाही. फिल्म जिथं दाखवली ते फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ हे काही पॅरिससारखं मोठं शहर नाही, पॅरिसहून रेल्वेनं साडेतीन तास आत आहे, आजूबाजूला विझलेल्या ज्वालामुखीचे डोंगर आणि त्याच काळ्या दगडाचं मोठं चर्च. तो दगड पाहून मला आपली काळी माती आठवली, तीपण लाव्ह्याच्याच दगडाची झालेली, हे तुमच्याच शाळेत शिकलो होतो. शॉर्टफिल्मचा जगातला सगळ्यात मोठा फेस्टिवल तिथं भरतो, 1979 मधे तिथल्या कॉलेजच्या पोरांनी छोट्या प्रमाणावर सुरू केलेला. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत म्हातारी माणसं, शाळेची पोरं सकाळीच तिकिटाच्या लायनीत उभी, आणि तेही शॉर्टफिल्म पाहायला! माझं मत झालं की आपल्या जिल्ह्याच्या गावालाही हे होऊ शकतं, त्याला मुंबई लागत नाही.

अवॉर्डवाल्या आमच्या फिल्म छोट्या हॉलमधे दाखवल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. काकूंचं वाक्य आलं आणि लोक हसले, पण काकू बोलून व्हायच्या आधीच, कारण ते ऐकत नव्हते, तुमचं वाचत होते. मॅडम, माझ्या अंगावर काटा आला. काकू तिकडं वावरात आणि त्यांच्यावर हसणारी माणसं इथं, अन् मधात तुमच्या दोन ओळी. संपल्यावर एक आजीबाई दुभाष्या पोरीला घेऊन माझ्याकडं आल्या, त्यांना एवढंच विचारायचं होतं की त्या पोरीचं बोट बरं झालं का.

जे म्हणतात ना की वऱ्हाडी बोली बाहेर चालत नाही, आधी भाषा सुधारा, त्यांना मी 'स्थळ'चं नाव सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात बनलेला पिक्चर, जयंत सोमलकरांचा, त्याला 2023 मधे टोरांटोच्या फेस्टिवलमधे नेटपॅक, म्हणजे आशियातल्या सिनेमासाठीचा, अवॉर्ड भेटला. आपलं बोलणं कुठं कमी नाही, फक्त ते नीट पोचवणारं कोणी पाहिजे, आणि तसं माणूस मला माझ्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत भेटलं. तुम्ही एक रुपया घेतला नाही. नाव टाकतो म्हटलं तर नको म्हणाल्या, तरी मी शेवटच्या पाटीवर टाकलं, यासाठी रागावायचं असेल तर रागवा.

येत्या शनिवारी रात्री आठला शाळेच्या भिंतीवर फिल्म लावतोय, प्रोजेक्टर सांगून ठेवला आहे. काकू येणार आहेत, ती पोरगीपण येतेय. आई कालपासून विचारते, "माह्या बोलण्याखाली ते काय लिवलं हाय, मॅडम वाचून दाखवन काय?" मी हो म्हणून बसलोय. खुर्ची पुढंच ठेवतो, चष्मा आणा.

तुमचाच,
शेवटच्या बाकावरचा