मक्याचं तणनाशक आणि विहिरीचं पाणी

प्रिय सुन्या,

मक्यात ॲट्राझिन मारलं तर विहिरीत उतरतं का, असं तू विचारलं होतंस. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहितोच म्हटलं.

उतरतं रे. इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात 1990 च्या आसपासपासून लोक हेच निस्तरतायत. नदीच्या खोऱ्यात सगळी वाळू, पाणी अगदी वर आणि त्यावर मका. हे औषध मातीला फारसं धरून राहत नाही, फवारलं आणि मागोमाग जोराचा पाऊस झाला की पाण्याबरोबर खाली, आणि वाळूत त्याला धरून ठेवायला सेंद्रिय असं काही नसतंच. भारी जमिनीतही निर्धास्त राहू नको, भेगांतून नि गांडुळांच्या बिळांतून पाणी थेट उतरतं.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. जमिनीतले जिवाणू औषध तोडतात हे खरं, पण त्यातून डीइथिल ॲट्राझिनसारखे पदार्थ तयार होतात आणि ते मूळ औषधापेक्षा सहज पाण्यात जातात. खाली भूजलात जिवाणू कमी, त्यामुळे तिथे ते वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे लॅबने नुसतं ॲट्राझिन तपासलं तर रिपोर्ट चांगला येईल आणि पाणी चांगलं असेलच असं नाही! म्हणून तर विस्कॉन्सिनची लिटरला 3 मायक्रोग्रॅमची मर्यादा ॲट्राझिन आणि त्याच्यापासून बनणारे तीन पदार्थ मिळून आहे, मला हे फार शहाणपणाचं वाटतं. इथे शंभराच्या वर पट्ट्यांत, मिळून साधारण 12 लाख एकरांवर ते वापरायला बंदी आहे, तरी मका पिकतोच. युरोपियन युनियनने तर 2004 मध्ये भूजलाच्याच कारणाने त्याला मंजुरी नाकारली.

पण खाजगी विहिरींवर अमेरिकेचा पिण्याच्या पाण्याचा कायदा लागू होत नाही, ज्याची विहीर त्यानेच तपासायची. याचा मला राग येतो, कारण वास नाही, रंग नाही, कळणार कसं? उकळूनही जात नाही, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लागतो.

तुझी विहीर उथळ आणि नाल्याकडची जमीन रेताड. तेवढ्या तुकड्यात यंदा कोळपणी-निंदणीवर भागव, मजुरी जास्त गेली तरी चालेल. फवारणीचा पंप विहिरीपाशी भरू नको, धुऊ तर अजिबात नको, आणि पावसाचा अंदाज असला तर फवारणी पुढे ढकल. घरात प्यायला अजून त्याच विहिरीचं पाणी आहे का, ते आधी कळव.

तुझा,
मन्या