तपासणीत आजारपणाच्या रजेचीही विचारणा व्हावी

महोदय,

पावसाळा आला की उपाहारगृहे, खाऊगाड्या आणि पोळी-भाजी केंद्रे यांच्या तपासणीच्या बातम्या नेमाने छापून येतात. पुण्यात 19 वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक बाई या नात्याने मी या तपासण्यांचे स्वागतच करते. मात्र नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, डोक्याला टोपी आहे का, वडे वर्तमानपत्रात बांधून देतात का, एवढे पाहून तपासणी बहुधा गल्ल्यापाशीच संपते. हे पाहायला हवेच. पण अन्न ज्या कारणाने बिघडते, त्यातले एक मोठे कारण गल्ल्यावरून दिसत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या एका ताईंना दोन दिवस जुलाब होत होते. टोपी होती, ॲप्रन होता, नखे कापलेली होती. दुपारी त्या तिसऱ्यांदा मागच्या बाजूला गेल्या तेव्हा मी विचारले, तर म्हणाल्या, "खाडा परवडत नाही हो, ताई." खाड्याचे पैसे मीच कापत होते, आणि त्यात काही वावगे आहे असे तोवर मला कधी वाटले नव्हते. पोळी निदान तापल्या तव्यावर भाजून निघते. पण त्या दिवशीची काकडीची कोशिंबीर त्यांनीच चिरली होती आणि ती डब्यांतून केव्हाच बाहेर पडली होती. पुढचा आठवडाभर फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होई. तक्रार आली नाही, हे माझे नशीब.

अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील 2011 च्या नियमावलीतील परिशिष्ट 4 मध्ये संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळू देऊ नये असे म्हटलेलेच आहे. छोट्या व्यावसायिकाकडून 100 रुपयांत नोंदणी करून घेताना ही अटही त्याच्याकडून मान्य करून घेतली जाते. पण घरी बसवलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, याचे उत्तर तिथे नाही. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा दिली आहे खरी. परंतु वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना (2025 पर्यंत ही मर्यादा दहाची होती) तिचे बंधन नाही. वडापावची गाडी, खानावळ, चहाची टपरी, माझ्यासारखे केंद्र, सगळे त्याच खालच्या पायरीवर. म्हणजे जिथे एकच माणूस कणीक मळतो, भाजी चिरतो आणि सुटे पैसेही मोजतो, नेमके तिथेच आजारी पडायची सोय नाही.

त्या जुलैनंतर मी पोटाचा विकार, ताप आणि हाताला झालेली जखम एवढ्या तीन कारणांसाठी खाडा धरणे बंद केले. याचा गैरफायदा घेतला जाईल, असे व्यवसायातल्या मैत्रिणींनी बजावले होते. गेल्या वर्षी सहा जणींच्या मिळून अशा 17 रजा झाल्या. 500 रुपये रोजाने 8,500 रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे 23 रुपये. एका भाजीच्या डब्याची किंमतही याहून जास्त आहे.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून-अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तेव्हा पाणी कुठले वापरता, असे प्रत्येक गिऱ्हाईक विचारत होते. उन्हाळा लागेतो ती विचारपूस थांबली. गिऱ्हाइकाने कायम पहारा द्यावा अशी अपेक्षा करता येत नाही, म्हणून तर तपासणी लागते.

जी गोष्ट हातांची तीच गॅसची. ऑक्टोबर 2015 मध्ये कुर्ल्यातील एका छोट्या उपाहारगृहात गॅसगळतीनंतर झालेल्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला. त्यातले बहुतेक पोटमाळ्यावर जेवायला बसलेले विद्यार्थी होते. असे पोटमाळे आजही जागोजागी दिसतात, काही ठिकाणी तर रात्री कामगार त्यावरच झोपतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यामुळे छताजवळच्या पंख्यावर विसंबून चालत नाही, खाली हवा जायला वाट लागते. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरण्याबद्दल मी लिहीत नाही, तो गुन्हा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण पेटलेल्या तेलाच्या कढईवर पाणी ओतायचे नसते, गॅस बंद करून झाकण सरकवायचे असते, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगणारे मालक किती असतील? केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे अन्न हाताळणाऱ्यांसाठी 'फॉस्टॅक' नावाचे प्रशिक्षण आहे. त्याचे नाव काढल्यावर आमच्या डबे पोहोचवणाऱ्या मुलाने, मोटारसायकलला टोल कधीपासून लागला, असे विचारले होते.

दंड हा शेवटचा उपाय असावा. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 32 मध्ये सुधारणा नोटिशीची तरतूद असून त्यात किमान 14 दिवसांची मुदत द्यावी लागते. स्वयंपाकाच्या जागेत हात धुण्याचे वेगळे बेसिन बसवायला तेवढे दिवस पुरतात. महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातील एक दुपार अन्न हाताळणाऱ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीसाठी आणि विषमज्वराच्या लसीसाठी राखून ठेवली, तर त्याचे प्रमाणपत्र घेण्यासाठी मजुरी बुडवून हिंडावे लागणार नाही.

आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या तपासणीत मालकाला क्षणभर बाहेर थांबवून पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारावे की, मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा घरी राहिलात का, आणि त्या दिवसाचे पैसे मिळाले का.

– एक पोळी-भाजी केंद्र चालक, पुणे