उंच पोरीला नावं ठेवण्याआधी बॉल कुठून येतो ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या खेळाच्या पानावर मुलींच्या शालेय बास्केटबॉलची बातमी आली होती, छोटीशीच, टेनिस बॉल क्रिकेटच्या भल्यामोठ्या फोटोखाली कोपऱ्यात कोंबलेली, पण आली हेच आमच्यासाठी खूप. त्यात शेवटी एक ओळ होती की उंच सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी पोर, निष्प्रभ ठरल्यामुळे संघ हरला. ती मॅच मी बघितली होती. मालवणहून एसटीने निघून कसालला गाडी बदलून गेलो होतो, छत्री धरून बाकावर बसून पूर्ण बघितली, म्हणून हे पत्र. छापलंत तर बरं, नाही छापलंत तरी लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

ती पोर मासेमारी करणाऱ्या घरातली. हात असे मजबूत की बॉल एकदा पंजात आला की कोणी काढून दाखवावा. पूर्ण मॅचमध्ये तिच्या हातात बॉल किती वेळा आला ते मी बोटांवर मोजत होतो. सहा वेळा. त्यातले चार रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर तिने स्वतः उडी मारून मिळवलेले. पोरींनी तिला दिलेले दोनच, त्यातला एक तिच्या गुडघ्यावर आपटला आणि एक पकडेपर्यंत मागून दोघीजणी येऊन चिकटल्या होत्या. आणि नावं कोणाला, तर तिला! दोनदा तीन सेकंदाची शिट्टी वाजली तिच्यावर, तेव्हा तर बाहेरून सगळे ओरडायला लागले. अहो ती रिंगखाली जागा धरून, पाठीवर पोरगी झेलत, हात वर करून उभी आहे, समोर विंगवरची, म्हणजे बाजूला उभी असलेली, बॉल हातात घेऊन भलतीकडेच बघतेय, मग तीन सेकंद होणार नाहीत तर काय. बाहेर पडायला पाहिजे होतं तिने, मान्य, रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, नियम आहे तो. पण ती तिथे कशासाठी थांबली होती हे पण बघा ना.

तिचे वडील माझ्या शेजारीच उभे होते. खेळातलं त्यांना काही कळत नाही असं तेच सांगत होते, पण अर्ध्या मॅचनंतर म्हणाले, "आमच्या चेडवाक कोण बॉलच देणा नाय, मगे ता काय करतला?" तुमच्या बातमीपेक्षा हे वाक्य मला जास्त बरोबर वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. पोस्टमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूला, म्हणजे रिंगजवळ रिंगकडे पाठ करून जो उभा असतो त्याला, बॉल पोचवणं हे पास देणाऱ्याचं काम आहे, आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. आपल्याकडे उंच पोरगं मिळालं की सगळी प्रॅक्टिस त्याच्यावर, त्याला उड्या मारायला लावा, ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, शिकवा, आणि बाकीचे चौघे नुसते ड्रिबल करत फिरतात. त्याला बॉल कसा द्यायचा हे कोणी शिकवतच नाही. मी स्वतः गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारा, होतो, ऐंशीच्या दशकात, आणि हीच चूक मी वर्षभर केली. आमच्यातल्या उंच मित्राला मी पास द्यायचो, तो सुटायचा, आणि मी हात झटकून आमच्या सरांकडे बघायचो, जसं काय माझं काम झालं. सरांनी एक दिवस मला उचलून त्याच्या जागेवर उभं केलं आणि आठवडाभर तिथेच ठेवलं. पाठीत कोपर, कमरेत गुडघा, आणि समोरून बॉल येतोय तो कधी छातीच्या दोन फूट बाजूला, कधी पायाशी. तिसऱ्या दिवशी मी मित्राची माफी मागितली. तोपर्यंत मला खरंच वाटायचं की त्याचे हात लोण्याचे आहेत.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे पास कुठून द्यायचा. आमची पोरं वरून, म्हणजे रिंगच्या अगदी समोरून, सरळ आत फेकतात, आणि तिथूनच तो कापला जातो कारण मधे दोन तीन जणींचे हात असतात. पास द्यायला विंगवर यावं लागतं, फ्री थ्रोची लाइन बाजूला वाढवली तर जिथे पोचेल तिथे किंवा त्याहून थोडं खाली. तू, तुझी पोस्टवाली आणि रिंग, तिघं साधारण एका रेषेत आलात की डिफेंडर तिच्या पाठीमागेच अडकते, तिला बॉलपर्यंत यायला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात आपण घराघरात कॅरम खेळतो ना, तिथे सोंगटी दुसरीच्या मागे लपली तर कोणी आहे तिथूनच मारतो का, स्ट्रायकर रेषेवर सरकवून सरकवून कट मिळेल अशी जागा बघतो. इथे पण तेच. डिफेंडर वरच्या बाजूला उभी असेल तर एक दोन ड्रिबल टाकून बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या लाइनकडे, खाली सरकायचं आणि तिथून द्यायचा, ती खालच्या बाजूला असेल तर ड्रिबल टाकत वर यायचं. ड्रिबल त्यासाठीच आहे. आणि हे करायचं तर ड्रिबल चालू पाहिजे! आमच्या पोरी विंगवर बॉल घेतात, एक ड्रिबल टाकतात, दोन्ही हातात धरून डोक्यावर नेतात आणि मग शोधायला लागतात. झालं, आता सरकता येत नाही, समोरची येऊन अंगाला चिकटते, पाच सेकंद मोजले जातात, तेवढ्यात बॉल सोडला नाही तर तो जातो, मग घाबरून कुठेतरी भिरकावतात.

दुसरं म्हणजे हूल. कबड्डीचा हा आपला जिल्हा, हूल काय असते ते इथे शेंबड्या पोराला कळतं, रेडर पाय इकडे दाखवतो आणि हात तिकडे मारतो. मग बास्केटबॉलच्या मैदानात आलो की हे सगळं विसरतो कसं काय हो? बॉल वर दाखवला की समोरचीचे हात वर जातात, तेव्हा खालून बाउन्स द्यायचा. खाली दाखवला की हात खाली येतात, तेव्हा तिच्या कानाजवळून सरळ. कानाजवळून म्हणतो ते गमतीने नाही, हात एकतर वर असतात नाहीतर खाली, डोक्याच्या दोन्ही बाजूंची जागा बहुतेक वेळा मोकळी असते. आणि पास द्यायचा तो पोस्टवालीच्या नुसत्या दिशेने नाही, तिने दाखवलेल्या हातात, डिफेंडरपासून लांबच्या हातात. बॉल जिकडे आला तिकडे वळलं की समोर रिंग असावी, असा पास दिला तर अर्धं काम तुम्हीच केलंत.

बाउन्स पासबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्या कोकणात त्याची वेगळीच पंचाईत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की अंतराच्या दोन तृतीयांशावर टप्पा टाका म्हणजे बॉल समोरच्याच्या कमरेपर्यंत येतो. बरोबर आहे, लाकडी फ्लोअरवर. आमच्याकडे अर्ध्या शाळांत तांबड्या मातीचं मैदान, जून ते सप्टेंबर चिखल, सिमेंटचं कोर्ट असलंच तर त्यावर शेवाळ, आणि शालेय स्पर्धा बरोबर त्याच दिवसांत. मातीत टप्पा टाकला की बॉल गुडघ्याच्या वर येत नाही, खडा लागला तर दिशाच बदलतो, मग पोरं बाउन्स द्यायचंच सोडतात आणि सगळे पास डोक्यावरून. त्यात मुलींचा बॉल सहा नंबरचा असतो आणि शाळेत एकच बॉल, तो पण मुलांचा सात नंबरचा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर वर्षभर प्रॅक्टिस करायची आणि मॅचच्या दिवशी हलका, लहान, कोराकरकरीत बॉल हातात येतो, पास लांब जातात. हे कोणाचं चुकलं ते मी लिहीत नाही, पण त्या पोरीचं नक्कीच नाही.

मग येतो डिफेन्सचा जालीम उपाय, पोस्टवालीच्या मागे न राहता तिच्या पुढे येऊन उभं राहणं. त्या मॅचमध्ये समोरच्या टीमने दुसऱ्या हाफमध्ये हेच केलं आणि आमच्या पोरींनी तिच्याकडे बघणंच बंद केलं. खरंतर याच्याइतकी चांगली संधी नाही. पुढे उभी राहिली म्हणजे पाठीमागे रिंगपर्यंत रान मोकळं, फक्त दुसऱ्या बाजूने मदतीला येणारीला तिकडच्या आपल्या पोरींनी बाहेर गुंतवून ठेवलं पाहिजे, मग वरून उंच सोडलेला बॉल आणि एक पाऊल, बास. तो जमत नसेल तर बॉल फ्री थ्रो लाइनजवळ दुसऱ्या पोरीला द्या आणि तिथून आत. बॉलची जागा बदलली की जी पुढे उभी होती तीच आता पाठीमागे पडते, फक्त पोस्टवालीने पाय रुंद ठेवून, खाली बसून तिला तिथेच अडवून धरायचं. हे शिकायला पैसा लागत नाही, तिघीजणी आणि अर्धा तास लागतो.

आणि पास दिला की जागेवर खांबासारखं उभं राहायचं नाही. बॉल आत गेला की तुमची डिफेंडर हमखास मान वळवून आत बघते, तेवढ्यात कोपऱ्यात सरका नाहीतर रिंगकडे कट मारा, म्हणजे झटकन आत धावा. ती मदतीला आत गेली तर बॉल परत तुमच्याकडे, मोकळा शॉट.

मला माहितीये की आता कोणीतरी म्हणणार, काका हे जुनं झालं, आता सगळे थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारतात. मारा की. थ्रीची लाइन ६.७५ मीटरवर आहे, आमच्या चौदा पंधरा वर्षांच्या पोरींचे शॉट तिथून रिंगला शिवतात का ते आधी बघा. आणि ज्यांना मारता येतात त्यांना पण मोकळा थ्री मिळतो तो बॉल आत जाऊन बाहेर आल्यावर. उंच माणसाला जवळ बॉल मिळाला तर काय होतं ते अमेरिकेत कधीच कळलं होतं, जॉर्ज मायकन रिंगखाली कोणाला ऐकेना म्हणून १९५१ साली एनबीएने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, रिंगखालचा तो तीन सेकंदांचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला, पुढे विल्ट चेंबरलेन आला तेव्हा १९६४ साली सोळा फूट. आमच्या वेळी तर फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचा, तो पट्टा खाली पसरट असायचा, रिंगजवळ उभं राहायलाच मिळायचं नाही, आताचा चौकोन २०१० साली आला, तोही ४.९ मीटर रुंदीचाच. म्हणजे आताच्या पोरांना आमच्यापेक्षा रिंग जवळ आहे! करीम अब्दुल जब्बारच्या नावावर एनबीएत ३८,३८७ पॉइंट आहेत, २०२३ साली लेब्रॉन जेम्सने मोडेपर्यंत तो रेकॉर्ड होता, सगळ्यांना करीमचा स्कायहुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून सोडलेला शॉट, आठवतो. तो हुक मारायला बॉल त्याच्या हातात, त्याला पाहिजे त्या जागी, पाहिजे त्या वेळी यावा लागायचा, आणि १९७९ नंतर त्यातले कितीतरी त्याच्या टीममधल्या गार्डच्या, मॅजिक जॉन्सनच्या हातून आले. आपण हुकचा फोटो लावतो, पासचा कोण लावतो.

तर संपादकसाहेब, एक विनंती. तुमच्या बातमीत कोणी किती पॉइंट केले ते येतं, पुढच्या वेळी कोणी कोणाला पास देऊन ते झाले ते पण छापा, असिस्ट म्हणतात त्याला, स्कोअरर लिहून घेत नसतील तर तुमच्या वार्ताहराने लिहावेत, मी शिकवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्या पोरीचं नाव तुम्ही छापलं नव्हतंत हे चांगलं केलंत, पण गाव लहान आहे, सगळ्यांना कळलंय. ती आता सकाळी मैदानावर येत नाहीये.

मी रविवारी सात वाजता शाळेच्या मैदानात असतो. स्वखर्चाने आणलेला सहा नंबरचा बॉल आहे. टीममधल्या बुटक्या पोरींनी यावं, उंच असेल तिने उशिरा आली तरी चालेल. पाऊस असेल तर शाळेच्या पडवीत भिंतीवर खडूने हात काढून ठेवलाय, त्या हातावर बाउन्स मारायचे, शंभर.

आपला,
एक जुना गार्ड, मालवण