देवाला पहिले स्थान: पाळकबाईंस एक जाहीर आभारपत्र

आदरणीय पाळकबाई,

सप्रेम जय ख्रिस्त.

पाळकसाहेब सेवानिवृत्त होत असून आपण दोघे नाशिक सोडून जाणार, हे उपासनेनंतर जाहीर झाले, तेव्हा निरोपसमारंभात चार शब्द बोलावेत असे मला सुचवण्यात आले होते. मी नम्रपणे नकार दिला, कारण मला जे सांगायचे आहे ते हारतुऱ्यांच्या गडबडीत सांगता आले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण आमच्या घराला जी मदत केली, तिची गरज असलेली अनेक घरे आपल्या मंडळीत आहेत आणि त्यांतील बहुतेकांना ती मागायचा संकोच वाटतो.

आमच्या लग्नाची जाहीर सूचना उपासनेत वाचली जात होती, त्या दिवसांत आम्ही दोघे संध्याकाळी आपल्याकडे येत असू. घरी कपडे, जेवणावळ आणि पाहुण्यांच्या उतरण्याच्या सोयीशिवाय दुसरा विषय नव्हता. आपण मात्र एका संध्याकाळी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याची गोष्ट काढलीत. विवाह लावणाऱ्या पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार हजर असले की कायद्याचे समाधान होते, असे सांगून आपण बायबलमधील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडलात आणि चौदावे वचन माझ्या होणाऱ्या पतींना मोठ्याने वाचायला लावलेत. पती आणि त्याच्या तारुण्यातील पत्नी यांच्यामध्ये परमेश्वर स्वतः साक्षी आहे, असे तेथे लिहिले आहे. रजिस्टरवर सही करणारे साक्षीदार जेवून आपापल्या घरी जातील, हा साक्षीदार मात्र तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येणार आहे, असे आपण म्हणालात. त्या वेळी आम्ही मान डोलावली. त्या वाक्याचे वजन कळायला पुढची काही वर्षे जावी लागली.

सातपूरच्या कारखान्यातील माझ्या पतींची पाळी दर आठवड्याला बदलते. पाळी संपली की गायनवृंदाचा सराव, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची सभा, कोणाकडे तरी गृहप्रार्थना, असा त्यांचा क्रम असे. माझी शाळा, तिच्या वह्या, रविवारची शाळा आणि महिला मंडळ हे माझ्याकडे होते. उपवासकाळात आणि नाताळाच्या आधी तर आम्ही एकमेकांना चर्चच्या आवारातच भेटत असू. मंडळीत आमचे नाव आदराने घेतले जाई, देवाला प्रथम स्थान देणारे जोडपे म्हणून नव्या जोडप्यांना आमच्याकडे बोट दाखवले जाई. घरात मात्र आमचे बोलणे गॅसचे सिलिंडर, दुधाचा हिशेब आणि किल्ली कोणाकडे ठेवायची एवढ्यावर आले होते. भांडण नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या लक्षात आले.

आपण एका दुपारी न कळवता आलात. मी मेथी निवडत बसले होते. आपण समोर बसून त्याच जुडीतली काडी काडी हातात घेऊन पाने खुडू लागलात, आणि बराच वेळ शाळेविषयीच बोलत राहिलात. मग भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणायला सांगितलेत. त्यावर सराव, सभा, प्रार्थना, वाढदिवस असे सगळे वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेले होते. मेथीने हिरवे झालेले आपले बोट एकेका चौकटीवर ठेवत आपण विचारलेत, “यांत तुम्ही दोघे एकत्र जेवलात तो दिवस कोणता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. मत्तयाचा पाचवा अध्याय काढून दिलात. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर आपले दान तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर, असे प्रभू येशू सांगतो. “भाऊ म्हणजे फक्त शेजारचा, असे समजू नका,” एवढेच आपण म्हणालात आणि निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवलीत.

आपल्याकडे ‘आधी देव, मग मंडळी, मग घर’ असा क्रम सहज सांगितला जातो. तो ऐकायला चांगला वाटतो, परंतु त्यात एक घोटाळा आहे आणि तो आपण आम्हांला फार धीराने उलगडून दाखवलात. मंडळीचे काम म्हणजे देव नव्हे. ते देवाचे काम आहे, तसेच घरही देवाचेच काम आहे. चर्चमधील जबाबदारीला देवाचे नाव देऊन तिच्या आड घरातील माणसाला टाळता येते, आणि हे टाळणे भक्तीसारखे दिसत असल्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत पवित्र शास्त्र घेते. मलाखीच्या त्याच अध्यायात लोक परमेश्वराची वेदी अश्रूंनी भिजवतात आणि तरीही तो त्यांच्या अर्पणाकडे पाहत नाही. का, असे ते विचारतात, आणि उत्तर मिळते ते पत्नीशी केलेल्या विश्वासघाताचे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पतींना सांगितले आहे की, पत्नी जीवनाच्या कृपादानाची तुमच्याबरोबरीची वारस आहे हे जाणून तिला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. देवाला पहिले स्थान द्यायचे तर देव जे पहिले मागतो ते द्यावे लागते, आणि या वचनांत तो घरातील माणसाशी नीट वागणे मागतो. मला आजही वाटते की आपल्या मंडळ्यांत यावर पुरेसे प्रवचन होत नाही.

याच सत्याची दुसरी बाजू आपण मला एकटीला समजावलीत, आणि तिच्याबद्दलचे माझे ऋण अधिक मोठे आहे. आम्हांला मूल नव्हते. लग्नकार्यात, नामकरणाला, अगदी चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा कोणी ना कोणी विचारत असे. माझे पती मला जपत होते, माझ्या वतीने नातेवाइकांना उत्तरे देत होते, तरीही माझ्या मनाचा एक कोपरा रिकामाच राहत होता आणि तो त्यांनी भरावा असे मला वाटत असे. त्या दिवसांत आपण माझ्याबरोबर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचलात. मूल नसल्याने रडणाऱ्या हन्नेला तिचा पती एलकाना विचारतो की, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय? त्याची प्रीती खरी होती, असे आपण म्हणालात, त्यात खोट काढू नये, पण हन्ना उठून गेली ती परमेश्वरापुढे. आणि तेथून परत येताना, मूल होण्याच्या पुष्कळ आधी, तिने अन्न घेतले आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. हा क्रम आपण मला पुन्हा पुन्हा दाखवलात. पतीने देव व्हावे ही अपेक्षा कोणताही पती पुरी करू शकत नाही, आणि मुलानेही ती पुरी करायची नसते. आपण मला मूल होईल असे आश्वासन कधीच दिले नाहीत. इतर अनेकांनी ते दिले होते. आज आमच्या घरी मूल नाही आणि आमचे घर रिकामे नाही, हे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे. ज्या दिवशी मी पतींकडे देवाचे काम मागणे थांबवले, त्या दिवसापासून ते मला अधिक मोकळेपणाने भेटू लागले.

पैशांचा प्रसंगही येथे नोंदवला पाहिजे. निफाड तालुक्यात सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. एका वर्षी घड काढणीला आले असताना गारपीट झाली. फुटलेल्या मण्यांचा वास काही दिवसांत बागेत उभे राहू देईना, आणि छाटणीपासून औषधफवारणीपर्यंत घातलेला सगळा खर्च कर्जाच्या रूपाने उरला. आमच्या हाती दोन पगार होते आणि आम्ही दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंडळीला नियमाने देत होतो. आता तो मंडळीत द्यायचा की सासऱ्यांना पाठवायचा, यावर आमच्या घरात बरीच ओढाताण झाली. पाळकाच्या घरून याचे एकच उत्तर येईल, असे आम्हांला वाटले होते. आपण उत्तर दिले नाहीत, मार्काचा सातवा अध्याय दिलात. तेथे आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्द वापरले आहेत. त्याबरोबर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याविषयीचे वचनही आपण दाखवलेत. मग म्हणालात, दोघांनी मिळून ठरवा आणि ठरेपर्यंत एकट्याने दानाचे पाकीट बंद करू नका. आम्ही त्या हंगामाचे हप्ते सासऱ्यांबरोबर उचलले आणि मंडळीत जमेल तेवढे दिले. पंचकमिटीत कोणी त्याविषयी कुजबुजले असते तर पाळकसाहेब आमच्या बाजूने उभे राहिले असते, याची मला खात्री होती. एकट्याने ठरवायचे नाही, हा नियम तेव्हापासून आमच्या घरात पैशापुरताच राहिलेला नाही.

पत्नीने अधीन असावे, या वचनाचा उपयोग माझ्यासमोर एका नातेवाइकांनी केला होता, तेव्हा आपण त्यांना अत्यंत आदराने इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकविसाव्या वचनापासून वाचायची विनंती केली होती. तेथे आधी एकमेकांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे, आणि पुढे पतीपुढे ठेवलेला कित्ता मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. त्याच बोलण्यात आपण लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढलीत. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ती काही वर्षे त्यांच्यापासून वेगळी राहिली, पुन्हा त्यांच्याकडे आली, आणि ख्रिस्ताकडे वळली ती स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. पतीचा विश्वास पत्नीला उसना मिळत नाही आणि पत्नीचा पतीला मिळत नाही, असे आपण म्हणाला होतात. देवापुढे प्रत्येकाने आपापल्या पायांवर उभे राहायचे आहे, आणि असे उभे असलेले दोघेच एकमेकांचा हात धरू शकतात. उपदेशक ग्रंथातील तीनपदरी दोरीचे वचन लग्नपत्रिकेवर पुष्कळ ठिकाणी छापलेले दिसते. पहिले दोन पदर वेगवेगळे आणि मजबूत असावे लागतात, हे मला आपल्यामुळे समजले.

आपण आम्हांला लावून दिलेली सवय अजून चालू आहे. रात्री एकत्र प्रार्थना करण्यापूर्वी आम्ही एकमेकांना विचारतो की, आज माझ्याविषयी तुमच्या मनात काही आहे काय? काही असेल तर आधी ते बोलायचे, आणि मगच डोळे मिटायचे. सुरुवातीला हा प्रश्न फार अवघड गेला, कारण गप्प राहून प्रार्थना करणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. रात्रपाळी असली की हे कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत फोन करतात. मागे यंत्रांचा आवाज चालू असतो, काही शब्द ऐकू येत नाहीत, तरी तोच प्रश्न आधी विचारला जातो. प्रार्थना कधी कधी दोनच वाक्यांची होते. गायनवृंदाची जबाबदारी यांनी सोडलेली नाही आणि रविवारची शाळाही मी सोडलेली नाही. कॅलेंडरवरील काही चौकटी मात्र आम्ही आधीच आमच्यासाठी राखून ठेवतो, आणि सभेची तारीख त्या दिवशी आली तर हे निःसंकोचपणे दुसरी तारीख मागतात.

पाळकसाहेबांनाही माझे मनःपूर्वक आभार सांगावेत. कोणाच्याही घरातील गोष्ट त्यांच्या प्रवचनात उदाहरण म्हणून कधी आली नाही, म्हणूनच आम्ही आपल्या दारात निर्धास्तपणे येऊ शकलो. आपण दोघांनी एकमेकांना सर्वांसमोर मान देताना आम्ही पाहिले आहे. सभेत बोलण्यापूर्वी पाळकसाहेब आपल्याकडे वळून “तुमचे काय मत आहे?” असे विचारीत, आणि आपले मत वेगळे असले तर ते तसेच सभेपुढे मांडीत.

एक विनंती करून पत्र संपवते. पुढील महिन्यात मंडळीतील दोन जोडप्यांच्या विवाहाच्या सूचना वाचल्या जाणार आहेत आणि त्यांच्या तयारीसाठी संध्याकाळी आमच्या घरी यावे, असे नव्या पाळकांनी त्यांना सांगितले आहे. मलाखीपासूनच आरंभ करावा असे आम्ही ठरवले आहे. त्यांची नावे मी आपणांस वेगळ्या चिठ्ठीत कळवीन, आपल्या प्रार्थनेत ती असू द्यावीत. आणि त्यांनी एखादा प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आम्हांला आले नाही, तर रात्री उशिरा फोन केलेला आपल्याला चालेल ना, तेवढे कळवावे.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतील एक भगिनी
नाशिक